शेजारी आगपेटी ठेवा

सोनकांबळे सरांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणायची. ते रागवायचे नाहीत. चष्मा पुसत म्हणायचे, "बाई, घाबरतो म्हणून तर अजून धडधाकट हाय."

चाकूरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती, पण त्यांची खुर्ची कायम दाराकडे सरकलेली असे. भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते आणि त्यांचं गाव किल्लारीपासून फार लांब नव्हतं. त्या पहाटेबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते दाराजवळ बसत, दाराजवळ झोपत, आणि कुणाच्याही घरी गेले तरी आधी मान वर करून स्लॅबला तडा आहे का ते पाहून घेत. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, हा माणूस आपल्या घरातली जळमटं मोजतोय. दुसऱ्या दिवशी त्या झाडू घेऊन स्टुलावर चढल्या.

भूकंपाचं आम्ही समजू शकत होतो. पण सर कुकरलाही भ्यायचे. शिट्ट्या संपेपर्यंत अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि त्यांच्या मिसेस आतून ओरडायच्या, "या आता, मेलं ते!" पायात चप्पल असल्याशिवाय त्यांनी कधी विजेचं बटण दाबलं नाही. एसटीत ड्रायव्हर तंबाखू मळताना दिसला तर पुढच्या थांब्याला उतरून मागच्या गाडीची वाट बघत. पायी चालतानासुद्धा हेल्मेट घालता आलं असतं तर त्यांनी घातलं असतं, पण पोरं हसतील याचीही भीती होतीच.

आणि या माणसाला किड्यांचा नाद होता. अळ्या, भुंगे, फुलपाखरं, आणि सगळ्यात जास्त पतंग. दिव्यावर येतात ते. लोक फुलपाखरांचे लाड करतात आणि पतंगांना झाडूनं मारतात, याचं त्यांना फार वाईट वाटे. पण हात? एकाही किड्याला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. सगळं शिक्षण फोटोंवर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फोटो चावत न्हाई ना बाई."

आमच्या तालुक्यातच नाही, तर पार भोकर-नांदेडपर्यंत कुणाच्या परसात, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या न्हाणीत काही अनोळखी किडा दिसला की त्याचा फोटो सरांच्या मोबाईलवर येऊन पडायचा. जुने विद्यार्थी, त्यांचे बाप, कुणाकुणाचे जावई. सर प्रत्येकाला उत्तर द्यायचे आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच वाक्य असायचं: शेजारी आगपेटी ठेवून पुन्हा फोटो पाठवा. कारण फोटोत सगळं सारखंच दिसतं. मुंगी जवळून काढली तर रेडा दिसते. आगपेटी मात्र लातूरला असो की माहूरला, तेवढीच असते आणि घरोघरी असते. शेजारी ठेवली की किडा केवढा ते कळतं.

त्यांच्या स्वतःच्या खिशातही कायम एक रिकामी आगपेटी असायची. त्यावरून आमच्या हेडमास्तरांना दाट संशय आला की सोनकांबळे मुतारीमागे जाऊन बिड्या ओढतात. कितीतरी दिवस ते सरांशी बोलताना उगाच जवळ येऊन नाक वर करून उभे राहायचे. सरांना वाटलं, साहेब आपल्यावर कशानं तरी खूश आहेत.

दुसरी एक सवय म्हणजे ते कुठलीही गोष्ट नक्की सांगत नसत. "असावं", "दिसतं", "वाटतं तरी तसं". स्टाफरूममध्ये आम्ही मुद्दाम विचारायचो, "सर, आज वार कोणता?" आणि ते कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "ह्याच्यावर तरी बुधवार दिसायलाय." शंभर टक्के हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. एकदा उसावरच्या काटेरी अळीची आवई उठली होती, अळी अंगाला लागली की माणूस मरतो म्हणून. कामाला बाया मिळेनात. तेव्हा एक शेतकरी शाळेत आला आणि म्हणाला, "सर, एकच सांगा, मरतंय का जगतंय?" सर म्हणाले, "बहुतेक जगतंय." तो माणूस इतका भडकला की विचारू नका. मग सरांनी त्याला नीट सांगितलं की अंगात काटे घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा, डॉक्टरला दाखवा, पण घाबरण्याचं कारण नाही. हे सांगताना ते स्वतः फुल बाह्यांचा शर्ट, पायमोजे आणि कानटोपी घालून बसले होते. आमच्या शाळेपासून ऊस मैलभर लांब होता.

आणि एक, ते फोटो पुसत नसत. मोबाईल सतत भरलेला. नांदेडला दिलेली त्यांची मुलगी आली की म्हणायची, "बाबा, हे हललेले फोटो तरी काढून टाका." त्यात निम्म्या फोटोंत नुसता कुणाचा तरी अंगठा असायचा. पण सर म्हणत, "कुणी विश्वासानं पाठवलंय. उद्या त्यानं परत विचारलं तर?" मग ती बिचारी नवीन कार्ड घालून द्यायची.

एवढं सगळं सांगितलं ते पुढचं नीट कळावं म्हणून. नाहीतर त्यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल.

नवरात्र संपून चार दिवस झाले असतील. चाकूरपासून अर्ध्या तासावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. तिथल्या बालाजीनं सरांना फोटो पाठवला. बालाजी आमचाच जुना विद्यार्थी, चाकूरला खत-बियाण्याच्या दुकानात कामाला. फोटो त्याच्या परसातल्या भिंतीचा होता. भिंतीवर एक जाडजूड काळपट पतंग आणि त्याच्या पाठीवर चक्क माणसाची कवटी. दोन डोळ्यांच्या खोबणी, खाली जबडा. मी सरांच्या मोबाईलमध्ये बघितलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पंखांवर लालभडक पट्टे होते. आगपेटी नव्हती, त्यामुळे तो पतंग मला घुबडाएवढा वाटला.

सर त्या फोटोकडे मधली सुट्टी संपेपर्यंत बघत बसले. "कवटीचा पतंग हाय आपल्याकडं," ते म्हणाले, "तिळावर येतो. पण त्याला लाल न्हाई. लाल कुठंच न्हाई." त्यांनी इंटरनेट पालथं घातलं. मग त्यांच्या सवयीप्रमाणे लिहिलं: 'असा लाल पट्ट्यांचा पतंग माझ्या पाहण्यात नाही. इथला दिसत नाही. बाहेरून आला असावा. नक्की सांगता येणार नाही. शेजारी आगपेटी ठेवून पुन्हा फोटो पाठवा.'

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि आमचे शिपाई मस्केमामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. ते त्याच गावचे. चेहरा उतरलेला.

"सर, तुमी बालाजीला काय लिवून दिलाव?"

"का? काय झालं?"

"गावात बोंब झालीय. सर म्हनले, हे हितलं न्हाई, कुनीतरी भाईरून धाडलंय. समद्यांच्या मोबाईलवर हाय ते."

मस्केमामांनी पुढचं सांगितलं ते असं. बालाजीची बायको सविता दोन आठवडे आजारी होती. अन्न जाईना, उभी राहिली की चक्कर, संध्याकाळ झाली की अंग थरथर. तेवढ्यात परसात हा कवटीवाला आला. एकदा आला, हाकलला तर ओरडला, परत आला. घरात एकच शब्द सुरू झाला: भानामती. आमच्या भागात हा शब्द मोठ्यानं बोलत नाहीत. आवाज खाली जातो आणि बोलणारा आधी मागं बघतो. कुणीतरी आपल्यावर काहीतरी केलंय, असा त्याचा अर्थ, आणि 'कुणीतरी' म्हटलं की मग ते कोण, हे शोधणं आलं.

ते कोण, हे गावानं ठरवून टाकलं होतं. बालाजीच्या परसाला लागून मथुराबाईचं घर. देगलूरकडची बाई, लग्न होऊन इथं आली, नवरा वारला, एकटीच राहते. कामात असली की तेलुगूत स्वतःशी पुटपुटते. लहान मुलांची दृष्ट काढायला गाव इतकी वर्षं तिच्याच दारात जात होतं, आणि आता म्हणे, तिला हे सगळं येतं ते काय उगाच? शिवाय बालाजीच्या आईनं परसात भिंतीकडेनं संक्रांतीपुरते तीळ पेरले होते. बियाणं मथुराबाईनं दिलं होतं, ओंजळभर, शेजारधर्म म्हणून. त्याच तिळावर हे आलं.

"आन आता सरांनीच लिवून दिलं म्हणल्यावर..." मस्केमामा थांबले. "मानसं जमायलीत सर तिच्या दाराम्होरं. दात काडायचं म्हणायलेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. करणी करणाऱ्याचे दात पाडले की त्याचे मंत्र चालत नाहीत, असं मानणारी माणसं अजून आहेत. मी हे लहानपणी ऐकलं होतं आणि ते जुन्या काळातलं म्हणून सोडून दिलं होतं.

सरांनी मोबाईल काढला. तोच फोटो परत उघडला. मग त्यांनी तो बोटांनी मोठा केला, पतंगाच्या आजूबाजूची भिंत बघितली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

"बाई, बघा," ते म्हणाले. "लाल भिंतीलापण हाय."

मी बघितलं. भिंतीवर लाल शिंतोडे होते. फोटोच्या कोपऱ्यात कापलेलं अर्धं लिंबू होतं. घरच्यांनी घाबरून लिंबू उतरवलं होतं आणि मूठभर कुंकू त्या पतंगावर फेकलं होतं, आणि नंतर फोटो काढला होता. तो पट्टा वगैरे काही नव्हता.

"कुंकू हाय ते," सर म्हणाले. "मी कुंकवाला पट्टा म्हणलो."

त्यांनी बालाजीला फोन लावला. लागेना. मग गावाच्या पोलीस पाटलांना लावला, तर ते माहूरला दर्शनाला गेले होते. ते म्हणाले, मी ठाण्यात कळवतो, गाडी येईल. कधी येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. सरांनी नवीन मेसेज लिहिला आणि पुसला. परत लिहिला, परत पुसला. मग माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाई, तुमची स्कूटी हाय का आज?"

मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर मीही भ्याले होते. जमलेल्या माणसांत जायचं, तेही चूक झाली हे सांगायला. आणि सोनकांबळे आडनावाच्या माणसानं त्या गल्लीत जाऊन देवाधर्माच्या गोष्टीत बोलायचं, याचा अर्थ आम्हा दोघांनाही चांगला कळत होता. मी म्हटलं, "पोलिसांची गाडी येऊ द्या की सर." ते म्हणाले, "आन त्याच्या आधी झालं तर?" चित्रकलेच्या मास्तरांकडून त्यांनी एक मऊ ब्रश मागून घेतला, खिशातली आगपेटी चाचपली आणि हेल्मेट घातलं. वाटेत ते माझ्या मागं बसून प्रत्येक वळणाला "ब्रेक, बाई, ब्रेक" म्हणत होते. एवढं भ्यालेलं ओझं मी कधी वाहिलं नाही.

गल्लीत पन्नासेक माणसं असतील. मथुराबाईचं दार बंद होतं, आतून कडी. दारासमोर लोक फार आरडाओरडा करत नव्हते. गप्पच उभे होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. पुढं उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात पक्कड होती. घरातल्या दुरुस्तीची असते तशी, लाल रबरी मुठीची. तो ती उगाच उघडत-मिटत होता.

सर त्या दाराकडे गेलेच नाहीत. मला वाटलं, आता हे स्कूटीवर परत बसणार. पण ते बालाजीच्या घराकडे वळले आणि घसा खाकरून जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ते कुठं हाय? मला आधी ते दाखवा."

लोक वळले. बघायची हौस कुणाला नसते? निम्मी गल्ली सरांच्या मागं परसात आली, आणि पक्कडवालाही आला. मथुराबाईच्या दारासमोरची जागा मोकळी झाली. हे त्यांनी मुद्दाम केलं की नुसतं दाराकडे जायची छाती झाली नाही म्हणून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पतंग अजून भिंतीवर होता. दिवसा तो हलत नाही. उन्हात त्याची कवटी जास्तच स्पष्ट दिसत होती आणि वर ते कुंकू. माणसं चार हात लांब अर्धगोल करून उभी राहिली. आत माजघरात सविता भिंतीला टेकून बसली होती, डोळे मोठे करून बघत. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती खोटी नव्हती.

सरांनी आगपेटी काढली आणि भिंतीच्या खाचेत ठेवायला हात पुढं केला. आगपेटी खाली पडली. उचलली, परत पडली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्यांदा ती बसली. "बघा," सर म्हणाले, "केवढाय ते बघा. आगपेटीपेक्षा थोडा मोठा. घुबड न्हाई, काई न्हाई." मग त्यांनी ब्रश घेतला, डोळे जवळजवळ मिटले आणि पतंगाच्या पंखावरून फिरवला.

पतंग ओरडला. चीं करून, उंदराचं पिल्लू ओरडावं तसा, पण मोठ्यानं. सगळी माणसं मागं पळाली. एक बाई किंचाळली. सरांच्या हातून ब्रश पडला आणि ते थेट माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं होतं, हे त्यांना आठवतही नसेल.

"बोलतंय ते!" बालाजीची आई म्हणाली. "मंतरलेलं हाय!"

मी म्हटलं, "सर, चला." खरंच म्हटलं. पण ते माझ्या मागून बाहेर आले. ब्रश उचलला, पँटला पुसला आणि परत भिंतीशी गेले. पतंग ओरडत होता आणि हे त्याच्या पंखावरचं कुंकू झाडत होते. लाल कमी कमी होत गेलं आणि खालचा खरा रंग दिसायला लागला, तपकिरी, राखाडी, लाकडाच्या सालीसारखा. "सोंडेतून हवा सोडतो," सर म्हणत होते. "भ्याला की ओरडतो. आपण ओरडतो तसाच. पोळ्यातला मध चोरून खातो, बाकी काई करत न्हाई. तीळ पेरला की हा येतो. ह्याच्या अळ्या तिळाच्या पाल्यावर वाढतात आन खालच्या मातीत झोपतात. ज्याच्या ज्याच्या परसात तीळ हाय त्याच्याकडं हा येतो."

"मग काल का तसं लिवलाव?" बालाजीनं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता आणि त्याहून जास्त काकुळती होती.

"चुकलं माझं. कुंकू ओळखलं न्हाई."

तेव्हा तो पक्कडवाला बोलला. "कुंकू कळंना झालं व्हय? तुमच्यात ह्ये देव-देव करत न्हाईत म्हणा. तुमाला काय कळनार ह्यातलं?"

  आता काय होणार ते होणार, असं मला वाटलं. सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या पक्कडीकडे, आणि म्हणाले, "व्हय. मला न्हाई कळलं. म्हणून तर चूक झाली. तुमाला कळत होतं की, भाऊ. तुमी एकदा तरी म्हणायचं, सर, ते कुंकू हाय."

 पाठीमागच्या एक-दोघांनी पक्कडवाल्याकडे बघितलं. पण त्याला माघार घ्यायला काहीतरी पाहिजे होतं. तो म्हणाला, "तुमी कायबी नक्की सांगत न्हाई, समद्यांला म्हाईत हाय. आता शंभर टक्के सांगताव का? हे हितलंच हाय म्हणून?"

सरांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला होता. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. असावा. दिसतो तरी तसा. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायला सुरुवातही केली होती.

"शंभर टक्के," सर म्हणाले. "हितलाच हाय. तुमच्या-माझ्या आधीपासून हितलाच हाय."

आणि त्यांनी हात पुढं करून त्या पतंगाला बोट लावलं. तो ओरडला, आणि बोटावर चढला. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा किड्याला हात लावला होता. त्यांचा हात इतका हलत होता की पतंगालाच धरून बसावं लागत होतं. त्यांनी तो बालाजीच्या तिळाच्या झाडावर ठेवला आणि मागं सरकून मटकन खाली बसले.

मग जी व्हायची ती पांगापांग झाली. पोलिसांची गाडी आली तेव्हा परसात आम्ही, बालाजीच्या घरची माणसं आणि आगपेटी एवढेच होतो. पक्कडवाला कधी गेला ते कळलं नाही. बालाजीनं त्याच दुपारी सविताला लातूरला नेलं. तिच्या अंगात रक्तच नव्हतं, डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असता तर अवघड होतं. ती बरी झाली.

निघण्याआधी सर मथुराबाईच्या दाराशी गेले. कडी वाजवली नाही. दाराला तोंड लावून म्हणाले, "बाई, मी शाळेतला सोनकांबळे. ते माझ्यामुळं झालं. चूक माझी होती."

 आतून आवाज आला, अगदी दाराच्या मागून. ती इतका वेळ तिथंच, दाराला पाठ लावून बसली असणार.

"गेले का समदे?"

"गेले."

"तुमीबी जावा."

परत येताना सर एकदाही ब्रेक म्हणाले नाहीत. मी एका खड्ड्यातून स्कूटी घातली तरीही नाहीत.

त्यानंतर ते पूर्वीसारखेच घाबरट राहिले, हे सांगायला हवं. उलट वाढलेच. फोटो आला की उत्तर द्यायला दिवस दिवस लावायचे आणि 'इथला दिसत नाही' हे त्यांनी परत कुणालाही लिहिलं नाही. पुढं ते रिटायर झाले आणि नांदेडला मुलीकडे राहायला गेले. मुलीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण हे जिन्यानं चढतात.

गेल्या दिवाळीत मी नांदेडला गेले होते तेव्हा त्यांना भेटले. गॅलरीच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी सगळं तेच. चहा आला. कुकर लागला होता, म्हणून आम्ही गॅलरीतच बसलो. मोबाईल वाजला, त्यांनी बघितलं आणि माझ्यापुढं धरला.

परसातली भिंत, भिंतीवर कवटीचा पतंग, आणि शेजारी आगपेटी. नीट, सरळ ठेवलेली. फोटोच्या कडेला एका बाईचा हात आला होता, सुरकुतलेला.

"मथुराबाई," सर म्हणाले. "सवितानं नंबर दिला त्यांना."

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. एवढी भ्यालेली बाई आज त्या पतंगाशेजारी हात नेऊन आगपेटी ठेवते! मी तसं म्हणालेही.  फोटोखाली आवाजाचा मेसेज होता. सरांनी तो लावला, आणि मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

मथुराबाई कुजबुजत होती. मागं कुठं तरी बंबात पाणी ओतल्याचा आवाज होता, जणू तिनं मुद्दाम तेवढा आवाज होऊ दिला होता.

"सर, ते आलंय. ह्या खेपेला माझ्या भिंतीला आलंय. त्येच हाय न्हवं? तुमी म्हनले होते, काय करत न्हाई. मला ठावं हाय. पर सर, कुनाला दावू नका. माझ्या घरी आलंय हे कुनाला सांगू नका. फोटू पुसून टाका सर."

आतून कुकरची शिट्टी झाली. सर दचकले नाहीत. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'इथलाच आहे. शंभर टक्के.' पाठवलं. तिनं वाचलं, तसं दिसलं.

मग त्यांनी तो फोटो उघडला, थोडा वेळ बघितला, आणि पुसून टाकला.